पाककृतीतली 'उगाच' वाटणारी पायरी

मेक्सिकोत टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, करायच्या तर मक्याचे वाळलेले दाणे तसेच दळायला घेत नाहीत. आधी ते चुन्याच्या पाण्यात उकळतात आणि त्याच पाण्यात रात्रभर मुरू देतात. सकाळी ते पिवळट, बुळबुळीत पाणी ओतून देतात, दाणे चोळून चोळून धुतात, सालं निघून जातात आणि मग कुठे दाणे दगडी पाट्यावर किंवा गिरणीत जातात. मका नुसता दळला तरी पीठ होतंच. मग चुना, रात्रभराची वाट आणि ती धुण्याची मेहनत कशासाठी?

जगभरातले पारंपरिक पदार्थ समजून घेताना मला सगळ्यात जास्त ओढ अशा पायऱ्यांची वाटते. चव, मसाले, ताटाची मांडणी याबद्दल भरपूर लिहिलं जातं. पण अनेक पदार्थांचा जीव एखाद्या कंटाळवाण्या, वेळखाऊ, वगळली तरी चालेल अशा भासणाऱ्या कृतीत असतो. ती का करायची हे करणाऱ्यालाही बहुधा सांगता येत नाही. 'आमच्यात असंच करतात' एवढंच उत्तर मिळतं. त्या उत्तराच्या मागे काय दडलेलं असतं ते काही पदार्थांच्या आधारे सांगतो.

मका गेला, चुना मागे राहिला

मका मूळचा मेसोअमेरिकेचा, म्हणजे आजचा मेक्सिको, ग्वाटेमाला आणि आसपासच्या प्रदेशाचा. चुन्यात मका शिजवण्याचे पुरावे ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर इ.स.पू. १५०० ते १२०० इतके मागे जातात. या प्रक्रियेला निक्स्टमलायझेशन म्हणतात. नाव अवघड आहे, पण आत घडतं ते समजायला सोपं आहे.

चुना हा अल्कली. मक्याच्या सालीतले चिवट तंतू अल्कलीत सैल होतात आणि साल सुटते. आतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. असे दाणे दळले की एकजीव, लवचीक गोळा तयार होतो. त्याला स्पॅनिशमध्ये मासा म्हणतात. कोरड्या मक्याच्या पिठात गव्हासारखं पीठ बांधून ठेवणारं ग्लुटेन नसतं, त्यामुळे ते थापायला गेलं की कडा चिरतात आणि भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे होतात. चुन्यातून काढलेल्या मक्याची टॉर्टिया मात्र पातळ थापता येते, दुमडता येते, तिच्यात सारण भरता येतं. टॅको, तमाले, एन्चिलाडा हे सगळं या एका गुणावर उभं आहे.

हा झाला डोळ्यांना दिसणारा फायदा. न दिसणारा फायदा याहून मोठा आहे. मक्यात नायसिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-३ असतं, पण बरंचसं मोठ्या रेणूंना घट्ट बांधलेलं. आपल्या आतड्यांना ते सोडवून घेता येत नाही. पोटात जातं आणि तसंच बाहेर पडतं. चुन्यात शिजवल्यावर हे बंध तुटतात आणि नायसिन अंगी लागतं. वर चुन्यातलं कॅल्शियमही मिळतं. साठवणीतल्या मक्यावरच्या बुरशीचं विषदेखील या प्रक्रियेत बऱ्याच प्रमाणात कमी होतं.

कोलंबसानंतर मका युरोपात आला. भरपूर पिकणारं, गरिबाला परवडणारं धान्य म्हणून तो स्पेन, उत्तर इटली, बाल्कन प्रदेशात पसरला. १७३५ मध्ये स्पेनच्या आस्तुरियास भागातल्या गास्पार कासाल या डॉक्टरांनी एका विचित्र रोगाची नोंद केली. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर लाल, खरखरीत चट्टे यायचे, गळ्याभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा उमटायचा. मग जुलाब लागायचे, बुद्धिभ्रम व्हायचा आणि शेवटी मृत्यू यायचा. रोगी बहुतेक गरीब, मक्यावर जगणारे. याच रोगाला पुढे इटलीत पेलाग्रा हे नाव पडलं. उत्तर इटलीतले शेतमजूर दिवसामागून दिवस मक्याच्या पिठाची लापशी, म्हणजे पोलेंटा खाऊन राहत आणि हा रोग तिथे पिढ्यानपिढ्या ठाण मांडून बसला.

चुन्याची पायरी युरोपात का आली नाही? माझ्या मते याचं उत्तर त्या दिसणाऱ्या फायद्यात आहे. मेसोअमेरिकेत दाणे हातानं, दगडावर वाटायचे होते आणि त्यांची पातळ भाकरी करायची होती. दोन्हीसाठी साल सुटणं आणि पीठ बांधलं जाणं गरजेचं होतं. युरोपात पाणचक्क्या होत्या, त्या कडक दाणाही सहज भरडत. आणि तिथल्या गरिबाला भाकरी थापायची नव्हती. तो आधीपासून इतर धान्यांची दाट लापशी खातच होता, त्या भांड्यात आता मका पडला एवढंच. लापशीला बांधलेलं पीठ लागत नाही. डोळ्यांना दिसणारी गरज संपली, म्हणून पायरी मागे राहिली. तिच्यासोबत न दिसणारा फायदाही गेला, आणि तो गेला हे कळायला दोनशे वर्षं लागली.

रोग दूषित मक्यामुळे होतो, असं चेझारे लोंब्रोझो यांच्यासारखे नामवंत इटालियन वैद्यक सांगत राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच साथ अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत भडकली. तिथले कुळानं शेती करणारे लोक, काळे आणि गोरे दोन्ही, मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी यांवर दिवस काढत होते. जमीनमालकांना कापूस हवा होता, त्यामुळे परसातला भाजीपालासुद्धा कापसाखाली गेला होता. यंत्रांवर दळताना मक्याचा अंकुर काढून टाकला जाऊ लागला, म्हणजे उरलंसुरलं सत्त्वही गेलं. १९०६ ते १९४० या काळात सुमारे ३० लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि सुमारे १ लाख लोक त्यात दगावले, असा अंदाज आहे.

१९१४ मध्ये अमेरिकी सरकारनं जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांना या रोगाच्या मागावर पाठवलं. मनोरुग्णालयं आणि अनाथालयं बघताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. आत राहणाऱ्यांना पेलाग्रा होतो, पण तिथेच काम करणाऱ्या परिचारिकांना आणि नोकरांना होत नाही. संसर्गजन्य रोग असा भेद करत नाही. मग फरक कुठे? ताटात. त्यांनी मिसिसिपीतल्या अनाथालयांमध्ये मुलांना दूध, अंडी, मांस आणि कडधान्यं द्यायला सुरुवात केली, आणि रोग हटला. १९१५ मध्ये एका तुरुंगाच्या शेतावर त्यांनी उलटा प्रयोग केला. माफीच्या बदल्यात तयार झालेल्या कैद्यांना फक्त मका, तांदूळ, काकवी असा गरिबांचा आहार दिला. ११ पैकी ६ जणांना पेलाग्रा झाला. तरीही लोक संसर्गाचंच म्हणत राहिले, तेव्हा गोल्डबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं आणि त्यांच्या त्वचेच्या खपल्या गिळल्या. कोणालाही काही झालं नाही. नेमकी कमतरता नायसिनची आहे हे १९३७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधनानं दाखवलं. तोवर गोल्डबर्गर हयात नव्हते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर चुना म्हणजे जादू असं वाटेल. मेक्सिकोच्या पारंपरिक ताटात टॉर्टियासोबत घेवड्याचे दाणे, भोपळा आणि मिरची असते. मक्यात जी प्रथिनं तोकडी पडतात ती घेवडा भरून काढतो. चुना आणि घेवडा मिळून ते जेवण पुरं होतं. युरोपातल्या आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या गरिबाकडे दोन्ही नव्हतं. गरिबी नसती तर चुना विसरूनही फार बिघडलं नसतं. उत्तर इटलीचे जमीनदारही पोलेंटा खात, पण त्यांच्या पोलेंटावर मांसाचा रस्सा आणि चीज असायचं.

आधी किसायचं, मग थांबायचं, मग शिजवायचं

दुसरी गोष्ट कसाव्याची. टॅपिओका ज्यापासून बनतो तो हा कंद. मूळ दक्षिण अमेरिकेचा, आणि आज त्याचं सर्वाधिक उत्पादन नायजेरियात होतं. निकस जमिनीत येतो, दुष्काळ सोसतो, जमिनीतच महिनोन्‌महिने टिकतो, हवा तेव्हा उपटून काढता येतो. यात एकच अडचण, की कसाव्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. कडू जातींत ती इतकी जास्त असतात की कच्चा कंद जीव घेऊ शकतो. असं असूनही ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या अनेक जमाती मुद्दाम कडू जातीच लावतात, कारण कडू कंदाला कीड आणि जनावरं सहसा हात लावत नाहीत.

हे विष कंदात तयार स्वरूपात नसतं, आणि सगळी पाककृती समजायला ही गोष्ट कळीची आहे. पेशीच्या एका भागात लिनामरिन नावाचं द्रव्य असतं, दुसऱ्या भागात त्याला फोडणारं एन्झाइम. कंद चावला, चिरला, किसला की पेशी फुटतात, दोघांची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड हा वायू सुटतो. झाडानं स्वतःच्या रक्षणासाठी केलेली ही योजना. माणसानं ती झाडावरच उलटवली. विष सुटायचंच असेल तर ते पोटात न सुटता बाहेर, उघड्यावर सुटू दे. म्हणून कंद सोलून बारीक किसायचा, म्हणजे जास्तीत जास्त पेशी फुटतील. मग वेळ द्यायचा, म्हणजे एन्झाइम आपलं काम पुरं करेल. मग पिळायचा आणि शेवटी भाजायचा. हायड्रोजन सायनाइड साधारण २६ अंश सेल्सियसलाच उकळतो, त्यामुळे उष्णता लागली की तो उडून जातो.

यात क्रम महत्त्वाचा आहे. कडू कंदाचे मोठे तुकडे करून थेट उकळत्या पाण्यात टाकले तर उष्णतेनं आधी एन्झाइमच नष्ट होतं आणि लिनामरिन तसंच शिल्लक राहतं. शिजलं म्हणजे सुरक्षित झालं, हा आपला नेहमीचा हिशेब इथे चुकतो.

ब्राझीलमध्ये किसलेला कसावा तिपिती नावाच्या विणलेल्या लांब नळीत भरतात. नळीचं एक टोक वर अडकवायचं, दुसरं खाली ओढायचं. नळी ताणली जाते, आवळते आणि रस गळून जातो. उरलेला कीस मोठ्या कढईत परतला की फारिन्या हे रवाळ पीठ मिळतं, जे ब्राझीलमध्ये जवळपास प्रत्येक जेवणात असतं. गळलेला पिवळा रसही तिथे वाया जात नाही. तो आंबवून, बराच वेळ उकळून तुकुपी करतात. पारा राज्यातल्या बेलेम शहरात ऑक्टोबरमधल्या सिरियो दी नाझारे या मोठ्या धार्मिक उत्सवाला तुकुपीत शिजवलेलं बदक घरोघरी असतं, आणि त्यात जांबूची पानं, ज्यांनी जीभ हलकीशी बधिर होते. त्याच उत्सवात मनिसोबा हा पदार्थ असतो. तो कसाव्याच्या पानांचा. पानांतही तेच विष असतं, म्हणून वाटलेली पानं साधारण आठवडाभर शिजत ठेवतात. सात दिवस चुलीवर असलेला पदार्थ ज्या घरात आहे, तिथल्या सणाची तयारी कशी असेल याची कल्पना करा.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात कसावा आफ्रिकेत नेला. पश्चिम आफ्रिकेत त्याच्यापासून गारी बनते. किसलेला कसावा पोत्यात भरून वर वजन ठेवतात, काही दिवस आंबू देतात, पाणी निथळतं आणि मग कढईत परततात. ती गारी गरम पाण्यात घोटली की एबा. काँगोच्या खोऱ्यात कंद दिवसेंदिवस पाण्यात भिजत घालतात. प्रत्येक प्रदेशानं आपापली वाट काढली, पण किसणं किंवा कुजवणं, थांबणं आणि पाणी काढून टाकणं हे कुठल्या ना कुठल्या रूपात सगळीकडे आहे.

ही पायरी तुटली की काय होतं हेही आफ्रिकेनंच सोसलंय. कोंझो नावाचा रोग आहे. माणसाच्या, बहुतेकदा लहान मुलांच्या आणि बायकांच्या, दोन्ही पायांतलं बळ एकाएकी जातं आणि ते परत येत नाही. १९८१ मध्ये मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात दुष्काळ पडला. दुष्काळात कसावा अधिक कडू होतो, खायला दुसरं काही उरत नाही आणि भुकेल्या घराला चार-सहा दिवस थांबणं शक्य नसतं. हजाराहून अधिक लोकांचे पाय गेले. शरीराला सायनाइड निकामी करायला प्रथिनांतलं गंधक लागतं, आणि नुसत्या कसाव्यावर जगणाऱ्याच्या अंगात तेच नसतं. म्हणजे इथेही मक्यासारखंच: पायरी तुटली आणि ताट एकाच अन्नाचं झालं, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

यावरचा एक उपाय मला फार मोलाचा वाटतो. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी सुचवला, अगदी साधा. कसाव्याचं पीठ पाण्यात कालवायचं, पातळ थरात पसरायचं आणि सावलीत ५ तास किंवा उन्हात २ तास ठेवायचं. उरलेलं विष वायू होऊन निघून जातं आणि मग त्याच पिठाचं नेहमीचं जेवण करायचं. काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या पोपोकाबाका भागातल्या गावांत २०१० नंतर बायकांनी ही पद्धत उचलली आणि तिथे कोंझोचे नवे रुग्ण थांबले. औषध नाही, यंत्र नाही. जुन्या पाककृतीत एक नवी पायरी आली आणि ती बायकांनी एकमेकींना शिकवली.

थंडी, माती आणि उघडलेलं फळ

अँडीज पर्वतात, टिटिकाका सरोवराभोवतीच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून ३,८०० मीटरपेक्षा उंचावर साधा बटाटाही नीट येत नाही. तिथे टिकतात त्या दहिवराला दाद न देणाऱ्या कडू जाती, आणि त्यांचा कडूपणा म्हणजे पुन्हा विषच. आयमारा आणि केचुआ लोक जून-जुलैच्या कडाक्याच्या रात्री बटाटे उघड्यावर पसरतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हात सुटतात. आतल्या पाण्याचा बर्फ होताना पेशी फुटतात. मग सगळं घर मिळून ते अनवाणी पायांनी तुडवतं, पाणी आणि सालं निघून जातात, उन्हात उरलेलं वाळतं. हा चुन्यो. पांढरा प्रकार, तुंता, वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवूनही ठेवतात, म्हणजे कडू विष धुऊन जातं. तयार चुन्यो हलका, टणक आणि वर्षानुवर्षं टिकणारा. इंका साम्राज्याची कोठारं यानं भरलेली असत. पोटोसीच्या चांदीच्या खाणीत राबणाऱ्या स्थानिकांना चुन्यो विकून काही स्पॅनिश लोक श्रीमंत होऊन मायदेशी परतले, असं सोळाव्या शतकातल्या इतिहासकार पेद्रो सिएझा दे लेओन यांनी लिहून ठेवलंय. आज बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये चायरो या सुपात तो असतोच. त्याच पठारावर कडू बटाटे खाताना सोबत मातीची पातळ चटणी घेण्याची रीत आहे. विशिष्ट चिकणमाती बटाट्यातलं विष धरून ठेवते आणि ते शरीरात शोषलं जात नाही. माती खातात म्हणून नाक मुरडणाऱ्या पाहुण्यांना हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ अकी आणि खारा मासा. अकी हे फळ पश्चिम आफ्रिकेतून अठराव्या शतकात गुलामांच्या जहाजांबरोबर आलं. खारवलेला कॉड मासा उत्तर अटलांटिकमधून आला. हलक्या प्रतीचा, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायला आणलेला. दोन्ही गोष्टी जमैकाच्या नाहीत, आणि त्यांच्या मिलाफातून झालेला पदार्थ मात्र जमैकाखेरीज कोणाचा नाही. अकीचा नियम असा, की फळ झाडावर आपणहून उकललं पाहिजे. बंद फळ तोडून घरी पिकवायचं नाही. उकललेल्या फळातला पिवळा गर तेवढा घ्यायचा, त्यातली लालसर शीर काढायची, उकळायचा आणि पाणी फेकायचं. कच्च्या अकीत हायपोग्लायसिन असतं. ते यकृताला साखर तयार करू देत नाही, रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते, उलट्या, झटके आणि बेशुद्धी येते. फळ उकलेपर्यंत गरातलं हे द्रव्य खूपच कमी होतं. या भीतीमुळे अमेरिकेनं १९७३ मध्ये अकीच्या आयातीवर बंदी घातली होती. पुढे तपासलेल्या कारखान्यांच्या डब्यांपुरती ती उठवली.

आइसलँडचा हाकार्ल याच कुळातला. ग्रीनलँड शार्कचं ताजं मांस विषारी असतं, म्हणून ते आधी कित्येक आठवडे वाळूखड्यांत दाबून आंबवतात आणि मग काही महिने वाऱ्यावर टांगून वाळवतात. त्याला अमोनियाचा उग्र दर्प येतो. अनेकांना तो सोसवत नाही, पण जिथे धान्य जेमतेम पिकायचं त्या बेटावर एवढा मोठा मासा टाकून देणं परवडणारं नव्हतं.

विष नसतं तिथेही

प्रत्येक पायरीमागे विष असतं असं नाही. इथिओपियाचा इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाची जाळीदार पोळी घ्या. टेफ हे जगातल्या सर्वांत बारीक धान्यांपैकी एक, दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा. पिठात आधीच्या वेळचं वरचं पिवळसर पाणी, एर्शो, विरजण म्हणून घालतात आणि दोन-तीन दिवस आंबवतात. आंबवताना फायटिक आम्ल घटतं. हे आम्ल धान्यातलं लोह आणि जस्त अडवून ठेवतं, ते घटलं की दोन्ही शरीराला मिळू लागतात. याहून मला आवडते ती अब्सितची पायरी. आंबलेल्या पिठातलं थोडंसं काढून पाण्यात शिजवतात आणि ती खळ पुन्हा पिठात मिसळतात. बघणाऱ्याला वाटेल, अर्धवट शिजवून परत का घालतात? टेफमध्ये ग्लुटेन नाही, म्हणून आंबताना सुटणारा वायू धरून ठेवायला काहीच नसतं. शिजलेल्या स्टार्चची खळ ते काम करते. इंजेऱ्यावर जी हजारो बारीक भोकं पडतात, ज्यांत रस्सा मुरतो, ती या खळीची करणी.

कोरियाच्या किमचीत मीठ हा चौकीदार आहे. कोबी मिठात मुरवला की कुजवणारे जिवाणू मागे पडतात आणि लॅक्टिक आम्ल करणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. ते आम्ल वाढवत नेतात आणि शेवटी त्या आंबट वातावरणात दुसरं कोणी टिकत नाही. मडकी जमिनीत पुरायची ती यासाठी, की तिथे थंडी कमीजास्त होत नाही आणि आंबणं सावकाश चालतं. ज्या लाल रंगाशिवाय आज किमची ओळखूच येत नाही, ती मिरची कोरियात सोळाव्या शतकाच्या अखेरीस आली. किमची त्याआधी कित्येक शतकं होती. म्हणजे रंग आणि तिखटपणा नंतरचा, मीठ आणि थंडीची पायरी जुनी. हिवाळ्याआधी शेजारीपाजारी मिळून किमची घालण्याच्या किमजांग या रीतीला युनेस्कोनं २०१३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. जमिनीतल्या मडक्याची जागा आता अनेक घरांत खास किमची फ्रीजनं घेतलीय. तो फ्रीज काय करतो? थंडी एकसारखी ठेवतो.

पायरी जाते पण तिची चव उरते, असंही घडतं. जपानमध्ये बिवा सरोवराकाठी फुनाझुशी करतात. खारवलेला मासा भातात दाबून वर्षभर किंवा त्याहून जास्त ठेवायचा. भात आंबतो, त्या आंबटपणात मासा टिकतो आणि खाताना भात बहुतेक बाजूला सारतात. सुशीचं जुनं रूप हे असं. पुढे लोकांना एवढा धीर राहिला नाही, म्हणून भातात व्हिनेगर घालून आंबटपणा आणायला लागले. एकोणिसाव्या शतकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, हातानं दाबलेल्या भातावर माशाचा तुकडा ठेवलेली सुशी रस्त्यावर मिळू लागली. आजच्या सुशीच्या भाताला जी आंबूस चव असते, ती मासा टिकवण्याच्या जुन्या गरजेतून आलेली आहे. गरज गेली, जीभ तिला सरावलेली राहिली.

घरी करून बघताना

हल्ली परदेशी पदार्थांच्या कृती फोनवर सहज मिळतात, आणि मिनिटभराच्या व्हिडिओत नेमक्या अशाच पायऱ्या कापल्या जातात. कारण त्या बघायला कंटाळवाण्या असतात. म्हणून काही गोष्टी कळकळीनं सांगाव्याशा वाटतात.

टॉर्टियासाठी साधं मक्याचं पीठ चालणार नाही. चुन्यातून काढलेल्या मक्याचं पीठ मासा हरिना या नावानं मिळतं, ते घ्या. अनोळखी जातीचा ताजा कसावा मिळाला आणि तो चवीला कडू लागला तर फेकून द्या. घरच्या स्वयंपाकघरात त्याच्याशी झुंजू नका. गोड जातीचा असला तरी सोलून, नीट शिजवूनच खायचा. अकी मिळालीच तर डब्यातली घ्या.

मेक्सिकन आणि टेक्सन पद्धतीच्या कृतींत येणारा लाल राजमा स्लो कुकरमध्ये कच्चा घालू नका. त्यातलं लेक्टिन हे द्रव्य खदखदत्या उकळीत नष्ट होतं, पण ८० अंशांच्या आसपास मंद शिजवलं तर विषारीपणा उलट वाढू शकतो. मूठभर अर्धकच्चे दाणेही एक ते तीन तासांत उलट्या सुरू करायला पुरेसे असतात. निदान ५ तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा आणि मग हवं तितकं मंद शिजवा.

आणि पेरूचं सेविचे. कच्च्या माशाचे तुकडे लिंबाच्या रसात घातले की काही मिनिटांत पांढरे, घट्ट होतात, शिजल्यासारखे दिसतात. आम्लामुळे माशातल्या प्रथिनांची घडी मोडते, उष्णतेनं मोडते तशीच, म्हणून रंग आणि पोत बदलतो. पण लिंबाच्या रसानं माशातले कृमी आणि सगळे जिवाणू मरतीलच असं नाही. पेरूच्या किनाऱ्यावर या पदार्थाची सुरक्षितता मासा किती ताजा आहे आणि तो कुठून आला यावर असते. ज्यांना ती खात्री नाही त्यांनी कच्चा खाण्यासाठी गोठवलेलाच मासा घ्यावा: उणे २० अंशांना ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना गोठवून १५ तास. घरच्या साध्या फ्रीझरमध्ये उणे २० अंश कायम टिकतीलच याचा भरवसा नसतो, म्हणून मासेवाल्याला विचारून घ्या, आणि त्याला सांगता आलं नाही तर तो मासा तळून खा.